दीड व्होल्ट

बाळांच्या लसींचा फ्रीज सुरू झाला, की भिंतीवरचा सोलरचा डबा अकराच व्होल्ट दाखवी आणि फ्रीज बंद पाडी.

“बॅटरी गेली, मावशी. नवीला आठ दिवस लागतील,” मेकॅनिक म्हणाला.

तोवर लसी वाया जाणार, हे उपकेंद्रातल्या हौसामावशींना ठाऊक होतं. “डबा म्हणतो गेली. पण बॅटरी काय म्हणते?”

त्याने फ्रीज सुरू केला आणि मीटरची टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलला टेकवली. साडेबारा व्होल्ट.

“मग वाटेत दीड व्होल्ट कोण खातंय?” मावशींनी विचारलं.

वायर चाचपत दोघं ती टर्मिनलला आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी आले. तो सोडवला, तर आत हळदकुंकवाचा वाळका थर. मावशी ओशाळल्या. खंडेनवमीला क्लॅम्प काढून बॅटरीची पूजा त्यांनीच केली होती.

पॉलिशपेपरने घासून क्लॅम्प परत बसवल्यावर फ्रीज घुमत राहिला.

“देव पावला होता, मावशी,” मेकॅनिक म्हणाला, “फक्त वाटेतच अडून बसला होता.”