धुण्याच्या खोलीची वेळ

"तू तोंड उघडायचं नाहीस. काय बोलायचं ते मी बोलेन," इमारतीच्या सभेला जाताना जिन्यात वकीलीणबाईंनी शिवणकामवालीला बजावलं.

वकीलीणबाई हे नुसतं पडलेलं नाव; कोर्ट त्यांनी बाहेरूनही पाहिलं नव्हतं. पण परदेशातल्या या इमारतीत आपल्याकडच्या सगळ्यांसाठी बारा वर्षं इथल्या भाषेत बोलायचं काम त्यांनीच केलं होतं. शाळेत, दवाखान्यात, इमारतीच्या सभेत. दवाखान्यात त्यांनी सुरुवात केली की डॉक्टर घाईघाईने नळी कानाला लावून तपासायलाच लागत. "मला उलटा प्रश्न विचारायची त्यांची हिंमत नाही," असं त्या चारचौघांत सांगत.

शिवणकामवालीला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कपड्यांच्या कारखान्यातून ती सहाला सुटायची. तळघरातली धुण्याची खोली मात्र चारलाच बंद व्हायची. मग कपडे मोरीत धुवायचे आणि राहत्या खोलीत दोरीवर वाळत घालायचे. भिंतींना बुरशी धरली होती. थंडी सुरू झाल्यापासून लेकीचा खोकला हटत नव्हता.

"मावशी, खोलीच्या वेळेचं तुम्ही मागेही बोलला होतात ना?"

"एकदा नाही, पाचदा! ऐकतात, माना डोलावतात, करत काही नाहीत. आपल्या लोकांची किंमतच नाही इथे. आणि का असावी? भाजी घेताना बोटं दाखवता तुम्ही. दीड वर्षात वीस शब्द! तुमच्याबरोबर रस्त्याने चालायची लाज वाटते मला."

"रविवारच्या वर्गाला जाते मी."

"हे टेबल, ती खुर्ची! सभा काय फर्निचरवर चालते?"

सभेच्या अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त नर्स. वकीलीणबाई उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि सात मिनिटं एका दमात बोलल्या. हातवारे केले, मधेच आवाज चढवला, शेवटी डोळेही पुसले. अध्यक्षीणबाई हसून मान डोलावत होत्या. त्यांचं बघून बाकीचेही डोलावत होते. टिपण घेणाऱ्या गृहस्थाने पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

"बघितलंस? कुठे अडले का?" बसता बसता त्या कुजबुजल्या.

"पुढचा विषय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

शिवणकामवाली उठून उभी राहिली. वकीलीणबाईंनी तिचा हात खाली ओढला. "बस खाली! नाक कापशील माझं."

ती बसली नाही. एकेक शब्द जुळवत ती इथल्या भाषेत बोलू लागली. "मी तिसरा मजला. काम सहाला संपतं. धुण्याची खोली चारला बंद. कपडे घरात ओले. मुलीला खोकला. खोली आठपर्यंत उघडी, कृपा करून."

कुणीतरी फिदकन हसलं. त्या वकीलीणबाईच होत्या.

टिपण घेणाऱ्या गृहस्थाने टोपण काढलं. अध्यक्षीणबाईंनी शेजारच्या दोघांना काहीतरी विचारलं आणि सावकाश, तिला समजेल अशा बेताने म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारपासून नऊपर्यंत उघडी ठेवू."

शिवणकामवालीचे डोळे भरून आले. वकीलीणबाई खुर्चीत ऐटीत मागे रेलल्या. "झालं ना काम? माझी सात मिनिटं! तू मधे कडमडली नसतीस तर दहापर्यंत मिळवून दिली असती."

सभा संपल्यावर अध्यक्षीणबाई मुद्दाम शिवणकामवालीपाशी आल्या. वकीलीणबाईंकडे बघून नेहमीसारखं गोड हसल्या, मान डोलावली, आणि मग तिच्या कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "बारा वर्षं विचारायचं राहून गेलंय. या बाई कोणत्या भाषेत बोलतात?"