ओस्मोचं फाटक

कालेर्वोला यात काय मिळणार होतं, याचा अंदाज ओस्मोला काही केल्या लागेना. शेजारी आपलं जुनं वेल्डिंग मशीन ढकलगाडीवर घालून दारात उभा. म्हणतो, घे, मला आता वाकवत नाही. फुकट देतोय आणि वर शिकवतोही म्हणतोय. ओस्मोचा उभा जन्म बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेलेला. फुकट्या माणूस त्याला चेहऱ्यावरून कळायचा. याचा डोळा नक्की वाटेवर होता. कालेर्वोच्या घराकडून तळ्यावर जाणारी पायवाट ओस्मोच्या अंगणातून जायची. वाट ओस्मोची, पाय कालेर्वोचे.

तरी मशीन त्याने ठेवून घेतलं. त्याला एक लोखंडी फाटक करायचं होतं. ते कुठल्या वाटेवर बसणार, हे मात्र गुरूला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी रॉड लोखंडाला चिकटला आणि सुटेना. ओस्मो दोन्ही हातांनी खेचायला लागला.

“अरे, ओढतोस काय? गाईचं शेपूट आहे का ते?” कालेर्वो म्हणाला. “जरा पीळ, सुटेल. आणि हात सावकाश. कुणी मागं लागलंय का तुझ्या?”

संध्याकाळपर्यंत एक वेडावाकडा सांधा जमला. ओस्मो काळ्या काचेचा मुखवटा काढून उठला, तशी कालेर्वोने काठी आडवी धरली.

“लगेच उठायचं नाही. वेल्डिंग झालं की तासभर इथंच बसायचं. भुशाच्या भिंती आहेत तुझ्या, जुन्या.”

शेड ओस्मोच्या आजोबांनी बांधलेली. दोन फळ्यांच्या मधे लाकडाचा भुसा ठासून भरलेला; थंडीला त्यासारखं दुसरं काही नाही. आत होडी हिवाळाभर सुखात असायची. आणि हा अशा शेडला जुनी म्हणतो! म्हणजे आधी भाव पाडणार, मग तासभर बसवून वाटेचा विषय काढणार. “सौना तापत ठेवलाय,” म्हणून ओस्मो सटकला.

सौना म्हणजे अंगणातली वाफेने अंग शेकायची लाकडी खोली; तिच्या खिडकीची वाफ पुसून त्याने बाहेर पाहिलं. कालेर्वो गेला नव्हता. उलट घरून एक बादली घेऊन लंगडत परत आला आणि शेडमागच्या ओंडक्यावर बसला. मधेच उठायचा, फळ्यांवरून सावकाश तळहात फिरवायचा, घोडा विकत घेणारा घोड्याच्या पाठीवरून फिरवतो तसा. शेवटी बादली करवंदाएवढ्या लाल फळांच्या झुडपांत उपडी करून तो घरी गेला. ज्या ज्या दिवशी शेडच्या खिडकीत निळा उजेड लखलखला, त्या त्या दिवशी हेच.

“शेड जोखतोय माझी,” ओस्मो बायकोला म्हणाला. “आणि बादलीतून काहीतरी ओततो.”

“काय ओततो?” तूलिक्कीने विचारलं.

“तेच तर. माती हुंगून पाहिली. कसलाच वास येत नाही.”

“मग पाणी असेल.”

“दुसऱ्याच्या झाडाला पाणी कोण घालतं? तेही लंगडत?”

त्याने त्या झुडपांची फळं खाणं सोडलं. तूलिक्कीने दोघांच्या वाटची खाल्ली, आणि तिला काही झालं नाही. उलट यंदा फळ चांगलं धरलंय, असं ती चारचौघांत सांगत सुटली.

शनिवारी ओस्मोने कालेर्वोला न बोलावता शेडमध्ये फाटकाच्या कडीचा शेवटचा टाका घातला. सोनेरी खवल्यांसारखा, एकसारखा. वाट जिथे कुंपणातून आत येते तिथे फाटक बसवलं, कुलूप लावलं, धरून गदागदा हलवलं. जागचं हललं नाही. मग किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून, सदरा खुंटीला अडकवून, तो बायकोबरोबर सौनात जाऊन बसला. आज खिडकीची काच पुसायची गरज नव्हती. पहाऱ्याला फाटक होतं.

थोड्या वेळाने बाहेर लोखंड खडखडलं. मग हाका.

“ओस्मो! ए ओस्मो!”

“कालेर्वो ओरडतोय,” तूलिक्की म्हणाली.

“ओरडू दे. विनातिकीट उतरवला की सगळेच ओरडतात.” ओस्मोने तापलेल्या दगडांवर आणखी एक पळी पाणी ओतलं. दगड चरचरले, हाक बुडाली.

“धुराचा वास येतोय रे.”

“मग सौनात काय गुलाबाचा येणार?”

“हा आपला धूर नाही,” तूलिक्की म्हणाली, आणि टॉवेल गुंडाळून धावली.

बंब येईपर्यंत शेडचं छप्पर खाली बसलं होतं. भुशात शिरलेली ठिणगी कितीतरी वेळ आतल्या आत चालत राहिली होती. फळीवर तळहात ठेवला असता, तर हाताला कळलं असतं.

सकाळी दोघं म्हातारे फाटकाच्या दोन बाजूंना उभे होते.

“तोडायचं होतंस,” ओस्मो म्हणाला.

“काठी मोडेपर्यंत मारलं.” कालेर्वोने कडीच्या टाक्यावरून अंगठा फिरवला. “चांगलं शिकलास. एक सांधा सुटला नाही.”

शेड गेली ओस्मोची. होडी गेली ओस्मोची. मशीन गेलं, तेही आता ओस्मोचंच होतं. कालेर्वोची फक्त काठी गेली. त्याची बादली फाटकापलीकडे तशीच उभी होती, काठोकाठ भरलेली.