कोरडा खांदा

बेबीताईनं पट्टी कापली, कात्रीनं तिचे कोपरे गोल केले आणि शेजारी उभ्या असलेल्या जावेला सांगितलं, "बाई, त्याहिले म्हणा, आज आंघोळ नाही कराची."

'त्याहिले' म्हणजे हातभर अंतरावर पाटावर उघड्या अंगानं बसलेल्या गुलाबरावांना. त्यांनी ते स्वच्छ ऐकलं होतं. तरी सुभद्राबाईंनी नवऱ्याला निरोप शब्दाला शब्द पोचवला, आणि मगच गुलाबरावांनी मान हलवली.

बेबीताई गुलाबरावांच्या धाकट्या भावाची बायको, पंचायत समितीच्या नव्या दवाखान्यात नर्स. भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, धाकट्या भावजयीचा पदरसुद्धा लागू नये, अशी त्या घरची रीत होती. बोलणंही तिसऱ्याच्या तोंडून. चुकून हात लागलाच तर भासऱ्यानं डोक्यावरून आंघोळ करायची.

कापसाचं गाठोडं गाडीत चढवताना गुलाबरावांचा खांदा लचकला आणि ही रीत अंगाशी आली. बेबीताईनं दवाखान्यातून रबरासारखी ताणली जाणारी चिकटपट्टी आणली. ती दुखऱ्या खांद्याला आधार देते, मग हात उचलतो. आधी सुभद्राबाईंनीच लावून पाहिली. पेंढी आवळावी तशी त्यांनी ती ताणली, तर ती खांदा सोडून त्यांच्याच बोटांना चिकटली. शेवटी काल बेबीताईनं स्वतः लावली. पाणी लागलं की ही सुटते, असं दोनदा बजावलंही. तरी गुलाबरावांनी उठून सरळ न्हाणी गाठली आणि थंडीचे दिवस असून दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. बाहेर आले तेव्हा पट्टी पाठीवर लोंबत होती.

बेबीताईला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं. गावाच्या हातापायांना पट्ट्या बांधणारा तिचा हात घरात मात्र बादलीभर पाण्यानं धुऊन टाकायचा होता.

पण गुलाबरावांचाही इलाज नव्हता. आतल्या खोलीत त्यांची आई मनकर्णाबाई पडून होत्या. त्यांचे पाय कधीचेच गेले होते. रोज सकाळी गुलाबराव त्यांना दोन्ही हातांवर उचलून अंगणातल्या बाजेवर उन्हात नेऊन ठेवत. खांदा गेला तसं म्हातारीचं ऊन गेलं. एकदा दोघी सुनांनी मिळून उचलायला घेतलं, तर त्या इतक्या कण्हल्या की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही. माझी हाडं गुलाबच्याच हाताला ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. अंधाऱ्या खोलीत त्या गारठून गेल्या होत्या आणि जेवणावरची वासनाही उडाली होती. तरी रीतीला त्या पक्क्या. भावजयीचा हात लागलेला माणूस आंघोळीवाचून त्यांना शिवला असता, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

आंघोळ केली की हात उचलत नाही, नाही केली तर आईला हात लावता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध गुलाबराव पाटावर बसलेले.

बेबीताईनं पट्टीचं एक टोक मानेखाली न ताणता चिकटवलं, मधला भाग ताणून खांद्यावरून घेतला आणि दुसरं टोक पुन्हा सैल सोडून दंडावर बसवलं. मग पट्टी नीट धरावी म्हणून तळहातानं ती हळूहळू चोळली. गुलाबराव समोरच्या भिंतीकडे बघत होते. बेबीताईचा हात हलका होता, आणि दुखणं कुठं आहे ते त्याला न सांगता कळत होतं.

"आता पाणी नका लावू," बेबीताई म्हणाली. "मायले उन्हात न्याचं हाये तुमाले."

सुभद्राबाईंनी सवयीनं निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि मग मिटलं. पोचवायला काही उरलं नव्हतं.

गुलाबराव उठले. न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलेलं होतं, त्याची वाफ दारापर्यंत येत होती. तिथं ते जरा वेळ घुटमळले, मग न्हाणी ओलांडून आईच्या खोलीत शिरले. बेबीताई दाराशी येऊन थांबली.

"आंघोळ केली काय बे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

आईशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण चार दिवसांत म्हातारीचा चेहरा पार उतरला होता, तो बघून जिभेनं आपलं काम केलं.

"केली, माय."

त्यांनी वाकून तिच्याखाली हात घातले. खांद्यातून कळ आली, पण पट्टीनं खांदा धरून ठेवला. म्हातारी वर आली, तसे ते दाराकडे निघाले. पडू नये म्हणून तिनं नेहमीसारखा त्यांच्या गळ्यात हात टाकला, आणि तिची बोटं पट्टीवर पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरली. पट्टी कोरडी होती. मग बोटं मानेवरच्या केसांत गेली. केसही कोरडेच होते.

गुलाबराव उंबरठ्याशी खिळले. बेबीताई एक पाऊल मागे, दाराआड सरली. म्हातारीला काय कळलं ते दोघांनाही कळलं होतं.

मनकर्णाबाईंनी हात परत पट्टीवर आणून ठेवला आणि लेकाच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग दाराआड ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या,

"पाणी चांगलं कढत घेतलं वाटते आज. आंग अजून गरम लागून राह्यलं तुह्यं."