यादीतलं पहिलं वाक्य

अर्धांगवायूचा झटका येऊन माझ्या एका पेशंट आजोबांची वाचा गेली, तेव्हा हातात मावेल एवढा एक कॉम्प्युटर मीच त्यांना दिला होता. त्यातलं सॉफ्टवेअर माझं भारी लाडकं. पडद्यावरच्या वाक्यावर बोट ठेवलं की यंत्र ते मोठ्याने बोलतं, आणि जे वाक्य जास्त वेळा लागतं ते आपोआप यादीत वर सरकतं. थरथरत्या बोटाला शोधाशोध नको.

सहा महिन्यांनी तपासणीला त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या सूनबाई अगदी खुशीत होत्या.

"तुमच्या यंत्राने सुटलो बघा आम्ही! बाबा आता कसे शहाण्यासारखे वागतात."

मला मूठभर मांस चढलं. "बघू तरी, सारखं काय सांगत असतात ते," म्हणत मी यादी उघडायला गेलो.

आजोबांनी घाईघाईने पडद्यावर तळहात ठेवला. मी हसत हसत तो बाजूला केला.

मी भरून दिलेलं 'पाणी हवंय' दुसऱ्या नंबरवर होतं. पहिलं वाक्य मी भरलेलं नव्हतं. एकेक अक्षर जुळवून ते त्यांनीच लिहिलं होतं:

'चुकलो. पुन्हा नाही मागणार.'