अव्वाची खुर्ची

"बसून बघायचं न्हाई!" महादेवप्पा एवढ्या जोरात ओरडले, की दीपमालाच्या हातातला काचपेपर खाली पडला.

ती बसणारही नव्हती, नुसती टेकणार होती. पण सुतारकामाच्या शेडमध्ये गेल्या पाच वर्षांत महादेवप्पांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. पटाशीनं बोट कापून घेणाऱ्या पोरालासुद्धा ते आधी हळद लावायचे, मग चिडवायचे.

"ज्याची हाय त्यानंच बसायचं," ते आवाज उतरवून म्हणाले. "घास. हात ठेवायच्या जागी अजून कुसळ लागतंय."

खुर्ची गौरम्माची होती. गौरम्मा म्हणजे महादेवप्पांची बायको, आणि रविवारी हातकाम शिकायला येणाऱ्या बावीस पोरांची अव्वा. आधी ती पोरांना भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन शेडमध्ये यायची. आता चार महिने झाले, अंथरुणातून उठली नव्हती.

खुर्ची तिनंच सांगितली होती. "दुकानातलं काही नको. माझ्या पोरांच्या हातचं पायजे."

मंजुश्री दर रविवारी तिच्या उशाशी जाऊन काम कुठवर आलं ते सांगायची. बारा वर्षांची पोर, पण रंधा मारायला बसली की मोठ्यांनी शिकावं.

"माझं विमान कुठवर आलं गं?" अव्वा विचारायची.

"पाठ बसवली, अव्वा. दांडे राहिलेत."

म्हातारी हसायची. मंजुश्री हसायची नाही.

खुर्ची जरा वेगळीच होती. बैठक मांडी घालून बसता येईल एवढी रुंद. आजारी माणसाची मान धरत नाही, म्हणून मागं उंच कमान. तोल जाऊ नये म्हणून छातीला पट्टा. दोन्ही बाजूंनी उचलायला लांब दांडे. चार कोपऱ्यांना चार कड्या. आणि सगळ्या खुर्चीत एक खिळा नाही; खाचेत लाकूड बसवायचं, असा महादेवप्पांचा हट्ट.

दीपमाला मुखेडहून उदगीरला नवीनच आलेली. तिनं विचारलं, "अव्वाला उन्हात आणायला का हे दांडे?"

"हं," महादेवप्पा म्हणाले आणि रंधा झाडू लागले.

घाई होती. शेड गल्लीतल्या मंडळाची, आणि मंडळानं ती दयानंद सरांना दिली होती; शनिवारी रिकामी करायची होती. सर उमरीकडचे. लातूरला शिकवण्या घेऊन नाव झालं, आता उदगीरला अभ्यासिका काढत होते. पोरांनी डॉक्टर व्हायचं सोडून लाकूड तासत बसावं, हे मंडळाला तरी कसं पटावं? ज्या सदस्यांच्या घरचे पाट आणि देव्हारे याच पोरांनी करून दिले होते, त्यांनीच शेड द्यायला आधी हात वर केले.

शनिवारी पोरांनी आपली हत्यारं हलवली. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची आकृती रंगवलेली होती, म्हणजे काय हरवलं ते लगेच दिसावं. संध्याकाळी भिंतीवर नुसत्या आकृत्या राहिल्या. खुर्ची तेवढी मागं होती, पॉलिश वाळायचं म्हणून.

तेवढ्यात दयानंद सर आले. खुर्चीभोवती दोनदा फिरले.

"वा! ही कुणी केली?"

"पोरांनी."

"उद्या अकराला उद्घाटन आहे. चौकातून मिरवणूक काढायची म्हणून राहिलेत माझे विद्यार्थी. ही न्यावी म्हणतो."

"ती दुसऱ्याची हाय," महादेवप्पा म्हणाले.

"आजोबा, मंडळानं शेड सामानासकट दिलीय. आणि एक दिवस बसलो तर झिजणार आहे का?"

"झिजायची न्हाई." महादेवप्पांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "हौस असंल तर बसा. पण लागली की लगेच द्यावी लागंल."

"मागा की, लागली की! उभ्या उभ्या देतो."

मंजुश्री काहीतरी बोलणार होती. महादेवप्पांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. "चल घरी. अव्वा वाट बघून राहिली."

रविवारी अकराला मिरवणूक निघाली. खुर्चीला झेंडूचे हार, कड्यांना केळीचे खुंट, पुढं हलगी. लातूरहून आणलेल्या चार पोरांनी दांडे खांद्यावर घेतले. सर मांडी घालून बसले. पट्टाही लावून घेतला, पडायची भीती नको.

बाजारानं असा मान आजवर कुणाला दिला नसेल. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहिले. कुणी टोपी काढली, कुणी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

किराणावाले बसवंतअप्पा डोळ्यानं अधू. त्यांनी दांडेवाल्या पोराला विचारलं, "कोण हो?"

"दयानंद सर!"

"कधी?"

"आत्ता, अकराला!"

बसवंतअप्पांनी हात जोडले आणि शटर अर्ध्यावर ओढलं. सरांनी वरूनच त्यांनाही नमस्कार केला.

मिरवणूक शेडशी आली तेव्हा दारात मंजुश्री उभी होती. मागं बाकीची पोरं. हलगी आपोआप थांबली.

"काय गं," सर पट्टा न सोडताच हसून म्हणाले, "लागली का खुर्ची तुमच्या अव्वाला?"

"हाव. अव्वा सकाळी गेली," मंजुश्री म्हणाली. "आमच्या लिंगायतांत आडवं न्हाई नेत, सर, विमानात बसवून नेतात. उतरा. हार राहू द्या तसेच, आम्हाला आणायचेच होते."