काचेपलीकडचा बाप्तिस्मा

सोलापूरच्या दवाखान्यात तान्ही नात काचेच्या पेटीत निळी पडत होती. आत बापालाच सोडत होते. जीव धोक्यात असला की पाळकांसाठी न थांबता घरच्यानंच बाप्तिस्मा द्यायचा, ही आमची रीत. पण तिचा बाप, माझा लेक, वर्षभर त्रैक्य, म्हणजे एका देवात तिघं असणं, नाकारत होता. "देव एकच, नावही एकच, येशू," म्हणत माझ्याशी भांडायचा. मी त्याच्या हातात पाण्याची बाटली कोंबली. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा. प्रत्येक नावाला पाणी, एकही गाळू नको." काचेला नाक लावून बघत राहिले. ओलं बोट कपाळावर टेकलं. पुन्हा. तो थांबला. तिसऱ्यांदा टेकलं, लगेच चौथ्यांदा! तो बाहेर येताच मी त्याची कॉलर धरली. "चौथं कशाला?" "तीन तुझी, एक माझं. कोण ऐकतंय, म्हाईत न्हाय, आई." उरलेलं पाणी फेकायचा धीर दोघांनाही झाला नाही.