पुसून ठेवलेला डबा

"मोठाच डबा द्या," ती म्हणाली. "सारखं सारखं यायला नको."

दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नंबर?"

"चार. टाकीच्या झाकणावर लिहिलंय. डॉट फोर."

"बघून आलात हे बरं केलंत. लोक येतात आणि म्हणतात, कुठलंही ब्रेक ऑइल द्या. जसा काही साबणच मागतायत." त्यांनी छोटा डबा पुढे सरकवला. "हा न्या. एका गाडीला पुरतो. मोठा फोडलात तर उरलेलं फेकावं लागेल."

"फेकायचं कशाला? झाकण घट्ट लावलं की झालं."

काका हसले. "ताई, हे हवेतलं पाणी पितं. एकदा फोडलं की झाकण कितीही आवळा, काही महिन्यांत ते कामातून गेलंच समजा. वरून काही कळत नाही. पण उतारावर ब्रेक तापले, की आतल्या पाण्याची वाफ होते. मग पेडल दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या, दोन्ही सारखंच."

कडेवरची लेक काउंटरवरचे बल्ब ओढत होती. तिने लेकीचा हात धरला आणि धरूनच राहिली.

दीड वर्षापूर्वी तिचे दिवस भरत आले होते. एका जागी बसवत नव्हतं. घरातली सगळी कपाटं आवरून झाली, तशी ती जिना उतरून नवऱ्याच्या गॅरेजात शिरली. नवरा आणि धाकटा दीर बंद पडलेली गाडी आणायला गेले होते. फळीवर ब्रेक ऑइलचे चार अर्धवट डबे होते. कधीचे, कोण जाणे. अंगावर बोटभर धूळ. तिने चारही एका डब्यात ओतले. झाकण आवळलं, डबा फडक्याने लख्ख पुसला आणि नव्या डब्यांच्या रांगेत पुढे ठेवून दिला. तेवढाच आपला हातभार. संध्याकाळी सांगू म्हणाली, आणि सांगायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका बाईंच्या गाडीचं सगळं ब्रेक ऑइल दिराने बदललं. चौथ्या दिवशी ती गाडी उतारावर थांबलीच नाही. भिंतीवर आदळली. बाईंचा खांदा मोडला.

त्या दिवशी नवरा भावावर इतका ओरडला की वरच्या खोलीत तिला शब्द न् शब्द ऐकू आला. "कसलं ऑइल घातलंस? डोळे कुठे गहाण टाकले होतेस?" दीर एका शब्दाने बोलला नाही. "चालता हो इथून," नवरा म्हणाला. तो खरंच चालता झाला.

तिला वाटलं, भावजींनी कुठल्या तरी गाडीतून काढलेलं काळं ऑइल घातलं असेल. रात्री जेवताना तीच नवऱ्याला म्हणाली होती, "बरं केलंत. एवढा निष्काळजीपणा काय कामाचा!" ज्या भावजींनी त्या नऊ महिन्यांत तिला पाण्याची बादली उचलू दिली नव्हती, त्यांच्याबद्दल म्हणाली होती. नवऱ्याने ताटातून मान वर केली नव्हती. दोन दिवसांनी लेक झाली. तिच्या काकाने तिला अजून पाहिलेलं नाही.

नवऱ्याने मागवलेला डबा पिशवीत टाकून ती घराकडे निघाली. वाटभर वाक्यं जुळवत आली. ओरडू देत. महिनाभर अबोला धरू देत. पण खरं कळलं की आजच्या आज भावाला फोन करतील. तेवढं झालं तरी पुष्कळ.

नवरा एका गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. तिने डबा बाजूला ठेवला.

"अहो, भावजींची चूक नव्हती."

मग थांबली तर धीर सुटेल म्हणून तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. चार डबे, फडकं, फळी. लेक तिच्या केसांशी खेळत होती. नवरा सरळ उभा राहिला आणि एकेक बोट चिंधीने पुसत राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गाडी ओढून आणली तेव्हाच डबा बघितला मी. जुनाच, पण चकचकीत पुसलेला. आम्हा दोघा भावांत डबे पुसणारं कोण होतं?"

ती स्टुलावर बसली. "मग त्यांना का हाकललंत?"

"तुझे दिवस भरले होते. तुला काय बोलणार? आणि बाईंचा मुलगा दारात उभा होता. विचारत होता, कोणी केलं हे. कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं."

"स्वतःचं घ्यायचं होतंत. गॅरेज तुमचं होतं."

"हो," तो म्हणाला. चिंधी त्याच्या हातात तशीच राहिली. "ते सुचलं नाही. सुचलं तेव्हा भाऊ कोपऱ्यावरून वळला होता."

"फोन तरी करायचात. दीड वर्ष झालं!"

"काय तोंडाने करू? त्या दिवशी तो डबा त्यानेही पाहिला होता. कोणी पुसला, ते त्यालाही कळलं होतं." लेक बापाकडे झेपावली. त्याने तेलकट हात मागे घेतले. "मी त्याचं नाव घेतलं. त्याने तुझं घेतलं नाही."